न उडालेल्या विमानाचा तपासनीस

"आज गारठा आहे नाही, काका?" असं मी पहिल्याच सकाळी जिन्यापाशी म्हणालो, तेव्हा आमच्या घरमालकांनी मला हातानं थांबवलं, दार उघडलं, बाहेरच्या पायरीवर अर्धा मिनिट उभे राहिले, आत आले आणि म्हणाले, "हो. आहे."

मला वाटलं, माणूस मिश्कील आहे. पुढे नऊ वर्षं मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो आणि हळूहळू लक्षात आलं की मिश्कीलपणाशी त्यांचा काही संबंध नव्हता. जे स्वतः पाहिलेलं नाही ते 'आहे' म्हणून सांगायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी आयुष्यात पाळला. नियम छोटा आहे. कोणी एक दिवस पाळून बघावा. संध्याकाळपर्यंत घरातली माणसं बोलेनाशी होतात.

ते मूळचे नाशिकचे. तिकडे एका विमानदुरुस्तीच्या कारखान्यात तपासनीस होते. मग तरुणपणीच इकडे नेदरलँड्समध्ये आले आणि स्किपोल विमानतळावरच्या एका हँगरमध्ये निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं. दुसऱ्यानं आवळलेला बोल्ट खरंच आवळलेला आहे का ते बघायचं, आणि बघितलं असेल तरच कागदावर आपल्या नंबराचा शिक्का मारायचा. निवृत्तीच्या दिवशी तो शिक्का परत द्यावा लागला. "घड्याळ दिलं त्यांनी मला," असं ते म्हणायचे, "आणि शिक्का काढून घेतला. काय करू घड्याळाचं?" शिक्का गेल्यावर त्यांनी शाई आणि पेन्सिल यांच्यावर भागवलं. पाहिलेलं शाईनं लिहायचं, ऐकलेलं पेन्सिलीनं. फ्रीजमधल्या डब्यांवर शाईच्या चिठ्ठ्या असायच्या. नाशिकहून बहिणीचा फोन आला की फोनशेजारच्या वहीत पेन्सिलीनं नोंद व्हायची: 'सगळे बरे आहेत असे म्हणते.'

इथल्या पद्धतीप्रमाणे त्यांच्याही संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. डच लोकांचं हे एक मला अजून न उलगडलेलं कोडं आहे, पण काकांनी ते बिनतक्रार उचललं होतं. त्यात पन्नासेक नावं असतील, सगळी पेन्सिलीत. शाईत फक्त त्यांच्या मुलाचं. बायकोचं नावसुद्धा पेन्सिलीत होतं. "तिचा जन्म मी कुठे पाहिलाय?" काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. नोव्हेंबरातल्या एका तारखेला मात्र शाईचा नुसता एक ठिपका होता. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

आमच्या मुलीचा जन्म आम्ही इथे आलो त्याच वर्षीचा. त्या दिवशी दुपारी काका ट्राम बदलून हॉस्पिटलात हजर. पाळण्यात डोकावून बघितलं, मनगटावरची पट्टी चष्मा काढून वाचली, नर्सला डचमध्ये दोन प्रश्न विचारले आणि पाच मिनिटांत निघाले. बायको म्हणाली, "अरे, काका बसले पण नाहीत." दुसऱ्या दिवशी घरी गेलो तेव्हा कॅलेंडरात आमच्या लेकीचं नाव शाईत होतं. जन्मवेळ नव्हती. ती त्यांनी पाहिलेली नव्हती.

आमच्या या बुइटनव्हेल्डर्ट वस्तीत राहायचं म्हणजे विमानांखाली राहायचं. वारा एका विशिष्ट दिशेचा असला की दर दोन मिनिटांनी एक विमान आमच्या कौलांवरून स्किपोलकडे उतरायचं आणि बोलणाऱ्यानं वाक्य मध्येच अडवून धरायचं अशी इथली रीत. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना काकांची गंमत दाखवावी म्हणून मी विचारायचो, "काका, आत्ताचं कुठलं होतं?" चाळीस वर्षं विमानांत हात घातलेला माणूस, आवाजावरून नक्की ओळखणार. काका चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "ऐकलं. पाहिलं नाही."

मराठी मंडळात त्यांना सगळे जरा वचकून असत. एकदा एका बाईंनी पुण्याच्या भाचीसाठी इथला एक मुलगा बघितला होता. काकांच्या ओळखीतला म्हणून गणपतीत त्यांनी काकांना कोपऱ्यात गाठलं. "मुलगा कसा आहे हो?"

"पाच फूट आठ इंच."

"तसं नाही, स्वभावानं?"

"तो पाहिलेला नाही."

"पण घरी येतो ना तुमच्या?"

"येतो. बूट नीट काढून ठेवतो. दोन्ही."

लग्न ठरलं, झालं, आणि बरंही चाललंय असं ऐकतो. 'ऐकतो' म्हणायची ही सवय मला त्यांनीच लावली.

मी स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला विचारलं, "तू काय करतोस नक्की?"

"तुमचंच काम, काका. दुसऱ्यानं केलेलं तपासतो."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "शिक्का आहे?"

"शिक्का नाही. स्क्रीनवर पास किंवा फेल करायचं."

"पाहून?"

"बहुतेक वेळा."

"बहुतेक म्हणजे?"

म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं नाही. शुक्रवारी रिलीज असतो, गुरुवारी संध्याकाळी सातशे टेस्ट केसेस उरलेल्या असतात, मॅनेजर मागे येऊन उभा राहतो आणि म्हणतो की या गेल्या वेळी पास होत्याच ना. मग आपण पासवर पास, पासवर पास मारत जातो. या धंद्यातले सगळेच करतात असं म्हणून मी सुटू शकलो असतो, पण काकांसमोर ते वाक्य तोंडातून निघेना. "बहुतेक म्हणजे जवळजवळ नेहमी," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला. तेव्हाच त्यांनी मला पहिल्यांदा ते विमान दाखवलं.

दाखवलं म्हणजे फोटो. हँगरमधल्या एका फ्रेंच मेकॅनिकनं त्यांना कधीकाळी दिलेला, हाताच्या तळव्याएवढा. पाण्याच्या काठाला एका गाड्यावर उभं असलेलं एका माणसाचं लढाऊ विमान. पंख मधेच मुडपलेले आणि चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांब फ्लोट. पाण्यावरून उडायचं, पाण्यावर उतरायचं. फ्रान्सनं असं एकच बनवलं. दुसऱ्या महायुद्धात ते तयार झालं तोवर फ्रान्सच पडायला आला होता, त्यामुळे ते एकदाही उडालं नाही.

"चाललं असतं का हो?" मी विचारलं.

"कोण जाणे. पहिलवानाला गमबूट घालून कुस्तीला उतरवायचा प्रकार. पण बनवणाऱ्यानं मन लावून बनवलंय. हा वाक बघ पंखाचा." बोट फोटोला न लावता ते त्या वाकावरून फिरवत राहिले. "त्याचं पुढे काय झालं, तेवढं कळत नाही."

ते कळावं म्हणून त्यांनी वीस-पंचवीस वर्षं घातली होती. एक जाड फाइल होती, तिच्यात एक लांबट वही. वहीत तीन रकाने: काय सांगितलं, कोणी सांगितलं, त्यानं पाहिलं का. पहिल्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होती, की कारखान्यातच ते मोडीत काढलं. एकानं लिहिलं होतं, शत्रूनं रेल्वेत घालून नेलं. एकाच्या मते हाती लागू नये म्हणून कामगारांनीच तळ्यात बुडवलं. काका प्रत्येकाला पत्र घालायचे: आपण हे कशावरून लिहिलंत? उत्तर यायचं, अमक्या पुस्तकावरून. मग त्या पुस्तकवाल्याला पत्र. तो म्हणायचा, तमक्या मासिकावरून. मासिकवाला वारलेला असायचा. एका गृहस्थांनी तर कळवलं की हे सर्वांनाच माहीत आहे. काकांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. "सर्वांना माहीत आहे आणि पाहिलेलं एकानंही नाही. देवाचं चालतं तसं. विमानाचं नाही चालत."

तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही' होतं. अख्खी वही पेन्सिलीत.

"पण काका, त्यानं फरक काय पडतो? गेलं ते गेलं."

"प्रत्येक विमानाची एक वही असते," ते म्हणाले. "जन्मलं की उघडते. संपलं की कोणीतरी शेवटची ओळ लिहितो, शिक्का मारतो, बंद. कोसळलं तरी बंद. याची कुणी बंदच केली नाही रे. एवढं करून घ्यायचंय मला, डोळे आहेत तोवर." डोळे तेव्हाच अधू व्हायला लागले होते. एका डोळ्यात इंजेक्शनं सुरू होती. हाउसआर्ट्स, म्हणजे आमचा इथला घरचा डॉक्टर, त्यांना 'कसं वाटतंय' विचारायचा तेव्हा ते म्हणायचे, "ते तुम्ही तपासून मला सांगायचंय."

आम्ही आल्याच्या चौथ्या वर्षी मेच्या सुट्टीत आम्ही गाडीनं दक्षिण फ्रान्सला जायचं ठरवलं. मी हे जिन्यात सहज बोललो आणि काका तिथेच थांबले. त्यांना एवढ्यातच पत्ता लागला होता. फ्रान्सच्या मध्यात एका गावी जुन्या लष्करी कागदांचं दफ्तर आहे, आणि त्यातल्या एका खोक्यात त्या कारखान्याचे, फ्रान्स पडला त्या उन्हाळ्यातले कागद आहेत. खोकं पोस्टानं मिळत नाही, कुणी फोटो काढून पाठवत नाही. माणसानं स्वतः जाऊन, नाव नोंदवून, तिथे बसून बघायचं. काकांचा गुडघा त्यांना तीन तासांपुढे गाडीत बसू देत नव्हता.

"तुझ्या वाटेवर आहे," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी मला सांगितलेलं हे एकच काम.

आठवड्याभरात त्यांनी दफ्तराशी पत्रव्यवहार करून माझ्या नावानं एक खुर्ची राखून ठेवली. मला एक लिफाफा दिला. त्यात दफ्तराचं पत्र, खोक्याचा नंबर, एका कार्डावर वीसेक फ्रेंच शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ: फ्लोट, इंजिन, मोडीत काढले, सुपूर्त केले, बुडाले, सापडले नाही. आणि एक नवी पेन्सिल, चाकूनं सुईसारखं टोक काढलेली. "तिथे पेन नेऊ देत नाहीत," ते म्हणाले. "शाईचा डाग पडेल कागदाला म्हणून. तेव्हा तिथे पेन्सिलीनं लिही. तुझे डोळे ते माझे. इथे आलास की मी शाईनं उतरवीन."

मी गेलो नाही.

कारणं होती. आदल्या आठवड्यात रिलीज होता आणि मी पाच दिवस नीट झोपलेलो नव्हतो. मुलगी तीन वर्षांची, तिला बेल्जियम ओलांडता ओलांडता ताप भरला. फ्रान्समध्ये मोठ्या रस्त्यालगतच्या एका पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो तेव्हा त्या गावाचा फाटा पुढे वीस मिनिटांवर होता आणि फाट्यापासून गाव आणखी तासभर. बायकोच्या मांडीवर लेक तापानं फणफणलेली. "आता नको ना रे," ती म्हणाली. "येताना जाऊ." येताना पाऊस होता, रस्त्यावर रांगा होत्या आणि नाव नोंदवलेला दिवसही उलटून गेला होता. लिफाफा गाडीच्या कप्प्यात होता. तो मी उघडलासुद्धा नाही.

घरी पोचलो तर काका दारात. मी बॅगा उतरवत होतो. "पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

हे मी आता अनेकदा डोक्यात घोळवून पाहिलंय. 'नाही जमलं, काका' एवढं म्हणायला काय हरकत होती? पण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायची आपल्याला सवयच नसते. औषध घेतलं का, हो. फोन केला का, हो. पोचलास का, हो, कधीच. लहानपणापासून आपण त्यांना 'हो' देत आलेलो असतो, त्यांच्याच समाधानासाठी, आणि त्याला खोटं म्हणतात हे आपल्या गावीही नसतं. शिवाय उत्तर तर सर्वांना माहीतच होतं. मी म्हणालो, "हो काका. पाहिलं. कारखान्यातच मोडीत काढलंय."

त्यांनी माझ्या हातातली एक बॅग घेऊन पायरीवर ठेवली. मग विचारलं, "कागद कसा होता?"

"जुना. पिवळट."

"सही?"

"होती. वाचता आली नाही."

"आणि फ्लोट? त्यांचं काही?"

"वेगळं असं काही नव्हतं. सगळंच मोडीत."

मी त्यांना लिफाफा परत दिला. त्यांनी तो उघडला, आत बघितलं, बंद केला. "दमला असशील," ते म्हणाले. "पोरीला बरं आहे का आता? जा, आधी तिला वर ने."

खरं सांगायचं तर मला अपराधी वगैरे वाटलं नाही. हलकं वाटलं. एक टेस्ट केस पास केली आणि झोपलो.

चार-पाच दिवसांनी त्यांनी मला चहाला बोलावलं. मला वाटलं, वहीतली शेवटची ओळ दाखवणार. वही कुठे दिसत नव्हती. चहा पिताना त्यांनी एकाएकी आपल्या पहिल्या नोकरीतली गोष्ट काढली, जी पूर्वी कधी सांगितली नव्हती.

"नवीन होतो. पंखाच्या आत एका बोल्टला तार असते, पिळून बांधलेली. बोल्ट सुटू नये म्हणून. मी तपासायला गेलो तर वरचा पत्रा लावून झालेला. वरिष्ठ म्हणाले, मी पाहिलीय तार, तू मार शिक्का. जेवणाची वेळ. भूक लागली होती. मारला."

"मग?"

"मग काय. उडालं विमान. पुष्कळ वर्षं उडालं."

"म्हणजे तार होती."

"असं तू म्हणतोस." त्यांनी कप खाली ठेवला. "काही झालं असतं तर कळलं असतं, की नव्हती. काही झालं नाही. म्हणून मला आजतागायत माहीत नाही. चांगला माणूस होता तो वरिष्ठ. मी विचारलं असतं तर त्यानं पत्रा काढू दिला असता. पंधरा मिनिटांचं काम होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. चष्म्यामागचे पाणावलेले, इंजेक्शनांनी लाल झालेले डोळे. मी म्हणालो, "काका, चहा छान झालाय," आणि वर आलो.

त्यानंतर आमच्यात काहीही बिघडलं नाही, हे मुद्दाम सांगतो. लेक त्यांना 'ओपा' म्हणायची, डचमध्ये आजोबा. ते तिच्याशी मराठीत बोलत, ती डचमध्ये उत्तर देई, आणि दोघांचं छान चाले. "ओपा, आकाशात देव आहे का?" तिनं एकदा विचारलं, तर मी जिन्यातच थांबून ऐकलं. उत्तर आलं, "मी वर बराच गेलोय. ढगापर्यंतचं सांगू शकतो." फाइलचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही आणि मीही नाही. फक्त दर वर्षी एप्रिल आला की जिन्यात विचारायचे, "यंदा फ्रान्सकडे जाणार का रे?"

"नाही काका, यंदा पुणे." पुढच्या वर्षी, "नाही काका, स्पेन. विमानानं." मग, "नाही काका, कुठेच नाही, कामच फार आहे." मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला एक वाक्य बोलायला लागतं, तसं हे वाक्य. चार वर्षांत चार वेळा विचारलं. चौथ्या वेळी काठी होती हातात आणि मी कुठल्या पायरीवर उभा आहे हे त्यांना आवाजावरून ठरवावं लागत होतं. दिसत नसलेल्या माणसाकडे मान वळवून त्यांनी विचारलं, आणि मी मोबाइलमधून डोकं वर न काढता नाही म्हणालो.

या फेब्रुवारीत ते गेले. मुलगा उत्तरेकडच्या ख्रोनिंगन शहराहून आला. चांगला माणूस आहे, मराठी समजतं, बोलता येत नाही. घर आवरताना त्यानं ती फाइल वर आणून दिली. "तुमचं नाव आहे हिच्यावर," तो इंग्रजीत म्हणाला. खरंच होतं. पेन्सिलीत.

रविवारी दुपारी मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर, शेवटच्या ओळीत, पहिल्या रकान्यात होतं: 'कारखान्यात मोडीत काढले.' दुसऱ्यात माझं नाव. तिसरा रकाना, जिथे वीस-पंचवीस वर्षं 'नाही' लिहीत आले होते, तो कोरा. या सगळ्याला पेन्सिल. आणि त्याखाली, त्याच तारखेला, वहीतली शाईतली एकुलती एक ओळ:

'पेन्सिल परत मिळाली. टोक शाबूत.'

बायको भाजी चिरत होती. तिनं विचारलं काय झालं. मला सांगता येईना, तेव्हा मी वही तिच्यापुढे सरकवली. तिनं वाचलं आणि सुरी ठेवली. "त्या दिवशीच कळलं होतं त्यांना," ती म्हणाली. "आणि पोरीचा ताप विचारला."

मी रडलो. त्यांच्या जाण्यानं नव्हतो रडलो, तेव्हा सगळी धावपळच होती. त्या कोऱ्या रकान्यानं रडलो. तिथे 'नाही' लिहायला त्यांना काय लागत होतं? माझ्या तोंडून यावं म्हणून जागा सोडून ठेवली होती.

वहीच्या मागे तो लिफाफा होता. पेन्सिल, कार्ड, आणि दफ्तराचं पत्र. पत्र एकच नव्हतं, सहा होती. पहिलं त्या वर्षीचं, मग त्यापुढच्या प्रत्येक मेचं एकेक. दर वर्षी, डोळे जात असताना, त्यांनी दफ्तराला लिहून माझ्या नावानं ती खुर्ची पुन्हा राखून ठेवली होती, आणि मग एप्रिलात जिन्यात उभं राहून मला विचारलं होतं. शेवटचं पत्र या जानेवारीतलं. तारीख येत्या मेची. यंदा एप्रिलात विचारायला तेवढे ते राहिले नाहीत.

मी गेलो. एकटा, गाडीनं, सुट्टी मागून. मॅनेजर म्हणाला त्या आठवड्यात रिलीज आहे. मी म्हणालो, असू दे.

दफ्तराच्या दारातल्या बाईंनी माझी बॅग तपासली, खिशातलं पेन काढून घेतलं आणि नोंदवहीत माझं नाव शोधून माझ्याकडे जरा निरखून बघितलं. इतकी वर्षं न आलेला माणूस म्हणून बघितलं की काय, ते मला माहीत नाही. खोकं आलं. कागद पिवळट नव्हता. पातळ, जांभळट, कार्बन घालून टाइप केलेला, आणि सही अगदी स्वच्छ वाचता येत होती. काकांचं कार्ड शेजारी ठेवून एकेक शब्द लावत मला दीड तास लागला. विमान कारखान्यात मोडीत काढलं होतं. मी सांगितलं होतं तेच. इतकी वर्षं काही झालं नाही, आणि आता कळलं की तार होती, तर ते सांगायला खाली कोणी नव्हतं.

पण कागद तिथे संपत नव्हता. इंजिन: काढून सुपूर्त केले. पंख: मोडीत. धड: मोडीत. आणि शेवटी एक ओळ, जिच्यासाठी लागणारा शब्द काकांनी कार्डावर सर्वांत खाली लिहून ठेवला होता. दोन फ्लोट: सापडले नाहीत.

ती ओळ मी उतरवली. पेन्सिलीचं टोक तिथे पहिल्यांदा झिजलं. मग मी तिथेच बसून राहिलो, कारण मला समोर दिसत होतं की मी त्यांचं काय नेलं. एक नकार वाचवायला मी त्यांची ही ओळ नेली. त्या एका ओळीवर त्यांनी उरलेली पाच वर्षं काढली असती, तळ्याकाठच्या प्रत्येक नगरपालिकेला पत्रं घातली असती, कोळ्यांच्या नातवंडांना गाठलं असतं, आणि सुखात गेले असते.

घरी येऊन मी वही उघडली. माझ्या जुन्या ओळीच्या कोऱ्या रकान्यात 'नाही' लिहिलं. खाली नवी ओळ घातली, जे पाहिलं ते सगळं, फ्लोटांसकट, शाईनं. सही केली. लेक शेजारी उभी होती. तिनं डचमध्ये विचारलं, आता झालं का ओपाचं काम?

मी हो म्हणणार होतो. पण खालच्या मजल्यावरून मला त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला, पाहिला नाही, ऐकला: "सापडले नाहीत म्हणजे? शोधले कोणी?"